वेधशाळेचं पारडं

डाव्या पारड्यात दोन किलोचं एक, पाचशे ग्रॅमचं एक आणि दोनशेची दोन अशी चार वजनं होती. उजव्या पारड्यात किलोचं एकच, आणि त्याच्या डोक्यावर पन्नास ग्रॅमचं पितळी वजन टोपीसारखं बसवलेलं. डावं पारडं काउंटरला टेकलं होतं, उजवं हवेत होतं. पेटीत अजून नऊ वजनं शिल्लक होती, पण वेधशाळेने पेटीचं झाकण लावून टाकलं.

"झालं. सुतार जिंकतो," तो म्हणाला. "दुसरा राऊंड, मानेला विळखा, पोरगं हार मानून जमिनीवर थाप मारतं. उद्या सकाळी साडेनऊपर्यंत सगळं आटोपलेलं असेल."

"दोन किलो नऊशे?" भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, एकोणचाळीसचा झाला तो. समोरचा चोवीसचा आहे."

"वय कशाला बघता? चेहरा बघा."

"चेहराच बघितला. काट्यावर उभा होता तेव्हा ओठ पांढरे पडले होते त्याचे. बाजूच्याने धरून उतरवलं. असा माणूस तिसऱ्या राऊंडला श्वास शोधत फिरतो."

"म्हणून तर दुसऱ्यातच संपवणार," वेधशाळा म्हणाला.

सुतार हा काही खरा सुतार नव्हता, म्हणजे आता नव्हता. एमएमएच्या, म्हणजे गुद्दे आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या लढतींच्या, पिंजऱ्यात उतरण्याआधी तो कधीकाळी दारं-खिडक्या बनवायचा, असं दोघांनी कुठल्याशा मुलाखतीत ऐकलं होतं. त्याचं खरं नाव दोघांच्याही जिभेवर बसत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला सुतार केलं. तसे त्यांच्याकडे एक हमाल होता, दोन जुळे होते, एक रडका होता. लढणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता.

वेधशाळा हेही खरं नाव नव्हतं. तो भाऊजींचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. कुठली लढत कोण जिंकणार, कितव्या राऊंडला, कशाने, हे तो इतक्या खात्रीने सांगायचा आणि इतक्या नेमाने तोंडावर पडायचा, की गल्लीतल्या लोकांनी त्याला हे नाव दिलं. पाऊस पडणार म्हणाला तर छत्री घरी ठेवून निघावं, अशातली गत. त्याला राग येत नसे. वेधशाळा चुकते म्हणून कुणी आकाशाकडे बघायचं सोडतं का, असं तो विचारायचा.

भाऊजींना भाऊजी म्हणणारा जगात खरं तर हा एकटाच. पण शेजारच्या दुकानातून तो दिवसातून वीसदा हाक मारायचा, त्यामुळे हळूहळू गल्लीभर ते भाऊजी झाले आणि त्यांची बायको गल्लीभर ताई झाली. भाऊजींचं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. किराणा दुकानातले काटे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांचे, पोती तोलायचे फलाटकाटे, सोनारांच्या काचेच्या पेटीतले नाजूक तराजू, सगळं तिथे येई. शेजारचं दुकान वेधशाळेचं, फोटो स्टुडिओ. मागे निळा पडदा, पुढे स्टूल, मध्ये वेधशाळा. त्याने उभ्या हयातीत हजारो लोकांचे पासपोर्टचे फोटो काढले. चेहऱ्यावरून माणूस ओळखतो असा त्याचा दावा होता, आणि लढतीआधी दोघे समोरासमोर उभे राहतात तेव्हा कोणाच्या डोळ्यांत भीती आहे हे आपल्याला दिसतं, असंही तो म्हणे. "इतके चेहरे बघितलेस आणि एकही नीट काढला नाहीस," असं ताई त्याला म्हणत. त्यांचा स्वतःचा फोटो त्याने काढला होता, त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते.

पहिली लढत त्यांनी त्या स्टुडिओतच बघितली. कुठल्याशा गिऱ्हाइकाने फोटोच्या पैशांऐवजी ठेवून दिलेली एक सीडी होती. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. फोटोंचा रंग-उजेड सुधारायच्या संगणकावर वेधशाळेने ती लावली आणि भिंतीपलीकडून हाक मारली. भाऊजी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच गेले. चित्र मध्येच गोठायचं, चौकोन चौकोन व्हायचं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत खाली असलेला माणूस वर आलेला असायचा. भाऊजींना आधी ती निव्वळ मारामारी वाटली. मग सुरुवातीचाच तो भाग दिसला, दोन धिप्पाड माणसं एकेक करून काट्यावर चढतात आणि एक माणूस मान वाकवून आकडा वाचतो. भाऊजी खुर्ची ओढून बसले. इतक्या लोकांसमोर, इतक्या गंभीरपणे काटा वाचला जातो असं दुसरं ठिकाण त्यांनी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून लढतीच्या आदल्या दिवशी पारडी भरायची रीत पडली. दुकानाच्या काउंटरवर जुना दांडीचा तराजू होता. डावं पारडं एका लढवय्याचं, उजवं दुसऱ्याचं. ज्याची जेवढी खात्री, तेवढं वजन त्याने आपल्या माणसाच्या पारड्यात टाकायचं. एकदा टाकलेलं उचलायचं नाही. भाऊजी पन्नास ग्रॅमचीही किंमत ओळखून होते, ते शंभर-दोनशेवर विचार करत. वेधशाळा किलोच्या खाली बोलत नसे. ज्याचा माणूस हरेल त्याने चहा करायचा. दोघांचा माणूस एकच असला तर तराजू एका बाजूला कलंडून पडे आणि चहा ताई करत. "तुमचं एकमत झालं की माझं काम वाढतं," त्या म्हणत.

लढत होईपर्यंत तराजू तसाच झुकलेला राहायचा. काटे दुरुस्त करणाऱ्याच्याच दुकानात, ऐन काउंटरवर, वाकडा तराजू. नवी गिऱ्हाइकं दारातच थबकत. एका किराणावाल्याने तर आपला काटा काखेतून खालीच उतरवला नाही. आधी तुमचा नीट करा, मग माझा आणतो म्हणाला. भाऊजींनी त्याला समजावायचा प्रयत्न केला, की हा बिघडलेला नाही, यात उद्याची लढत आहे. किराणावाला जास्तच लवकर गेला.

कोण किती वेळा बरोबर आलं याचा हिशेब कुठेच लिहिला नव्हता. त्यामुळे दोघेही आपापल्या परीने पुढे होते.

एक गोष्ट मात्र दोघांनाही सारखीच आठवायची. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हमालाची लढत होती. वेधशाळेने त्याच्यावर दोन किलो टाकले होते. हमाल काट्यावर चढला तेव्हा ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरला. टॉवेल आडवा धरून अंगावरचं उरलंसुरलं उतरवूनही जास्तच. दंड भरून त्याला लढू दिलं आणि त्याने पहिल्याच राऊंडला समोरच्याला झोपवलं. वेधशाळेचं भाकीत राऊंडसकट खरं ठरलं. असं कधी होत नसे. भाऊजी मुकाट्याने उठून चहा टाकायला निघाले तर वेधशाळेने त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"ही धरायची नाही," तो म्हणाला. "वजन चोरून जिंकलाय."

"अरे, पण जिंकला ना. तू सांगितलेल्या राऊंडलाच."

"समोरचा उपाशी राहून त्या आकड्याला उतरला होता, भाऊजी. हा नाही उतरला. नाही धरायची."

आणि चहा त्याने केला. त्यात साखर विसरला, पण भाऊजी तो तसाच प्यायले.

पुढे फोटो लोक आपापल्या फोनवरच काढू लागले. निळा पडदा उतरला. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारा एक बसतो. वेधशाळेने आपलं स्टूल तेवढं उचललं आणि भाऊजींच्या काउंटरच्या आत आणून ठेवलं. लग्न त्याने केलं नव्हतं. ताईंनी त्याला घरातली मागची खोली दिली. काट्यांचे आकडे साफ करणं, रंग देणं, गिऱ्हाइकांशी गप्पा मारणं ही कामं तो करू लागला, त्यातलं शेवटचं सगळ्यात मन लावून.

गेल्या वर्षाअखेरीला त्याच्या घशाखाली घास अडकायला लागला. अन्ननलिकेत गाठ निघाली. औषधांचे आणि किरणांचे दिवस पार पडले, गाठ लहान झाली. आता शस्त्रक्रिया करून ती काढायची. पण एकेकाळी शहाऐंशी किलो असलेला वेधशाळा तोवर अठ्ठेचाळीसवर आला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या. एवढ्या वजनाला एवढी मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही असं त्या म्हणाल्या. पन्नास भरा, मी टेबलावर घेते. त्यासाठी त्यांनी तीन आठवडे दिले होते, त्यातला शेवटचा सोमवारी सुरू व्हायचा होता, आणि त्या दिवशी त्यांना वजन दाखवायचं होतं.

म्हणून पारडी भरून झाल्यावर त्या शनिवारी दुसरं वजन व्हायचं होतं. वेधशाळेने चपला काढल्या आणि तो पोती तोलायच्या फलाटकाट्यावर चढला. बुधवारी तो अठ्ठेचाळीस किलो नऊशे भरला होता. भाऊजींनी आकडा वाचला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत वाचला.

पन्नास किलो सातशे.

त्यांनी त्याला उतरायला सांगितलं. काटा शून्यावर आणला. कोपऱ्यातून वीस किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन उचलून फलाटावर ठेवलं. बरोब्बर वीस. ते उतरवून मेहुण्याला पुन्हा चढवलं. पुन्हा पन्नास किलो सातशे.

"आता पटलं का?" वेधशाळा म्हणाला. "का माझ्यावर पण शिक्का मारून घेऊ?"

भाऊजींनी घरी फोन लावला. ताईंनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग "परत करा," म्हणाल्या. केलं म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. घरी गेल्यावर दोघांना दिसलं, की त्यांनी संध्याकाळची अंडी दोनाऐवजी तीन उकडून ठेवली होती.

रविवारी सकाळी ते तिघेही टीव्हीसमोर बसले. ताईंना मारामारी बघवत नसे, पण गुद्दे सुरू झाले की डोळे मिटायचे आणि घंटा वाजली की उघडायचे, या पद्धतीने त्यांनी आजवर पुष्कळ लढती पाहिल्या होत्या.

पहिल्या राऊंडला पोरगं सुतारापेक्षा सगळ्याच बाबतीत वेगवान होतं. दुसऱ्यात सुताराने त्याला कमरेला धरून खाली आणलं, पाठीवर बसला आणि हात मानेभोवती सरकवला. वेधशाळा खुर्चीवरून उठला. "लाव, लाव, लाव," तो पुटपुटत होता. पोराचा चेहरा लालबुंद झाला. एक हात जमिनीकडे गेला. वेधशाळेने भाऊजींचा दंड पकडला. पण तो हात थाप मारायला नव्हता गेला, टेकायला गेला होता. पोरगं वळलं, विळख्यातून डोकं ओढून बाहेर आलं, आणि घंटा वाजली.

तिसऱ्यात सुतार श्वास शोधत फिरला. पण पडला नाही. शेवटचं मिनिटभर तो पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून उभा होता आणि येईल तो गुद्दा घेत होता, अधूनमधून एखादा परतही करत होता. तिन्ही पंचांनी पोराला विजयी दिलं. सुतार मध्यभागी गेला, हातमोजे सोडले, ते जमिनीवर शेजारीशेजारी ठेवले आणि त्यांच्याकडे पाठ करून चालायला लागला. निवृत्त होणारा लढवय्या असंच करतो.

भाऊजींनी टीव्ही बंद केला. मग ताई म्हणाल्या, "चहा कोणी करायचा?" आणि वेधशाळा म्हणाला, "मीच. पण जरा वेळाने. पाय टेकवून घेतो."

त्याने पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. मोज्याची वरची कड घोट्याच्या वर रुतली होती आणि तिच्यावर मांस ओघळल्यासारखं दिसत होतं. भाऊजी ते बघत राहिले. या माणसाच्या नडग्या गेले चार महिने काठीसारख्या होत्या. ते उठले, मोजा खाली केला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, आणि तसाच राहिला.

"हे काय?"

"बसून बसून होतं तसं."

"काय केलंस?"

वेधशाळेने आधी ताईंकडे बघितलं. मग सगळं सांगून टाकलं. काट्यावरून उतरल्यावर लढवय्ये काय करतात, हे इतकी वर्षं दोघे बघत आले होते. मीठ-साखरेचं पाणी लिटरच्या लिटर, त्यावर भात, की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात शिरेपर्यंत सहा-सात किलो परत अंगावर. त्याने बुधवारपासून तेच चालवलं होतं. पेल्यात दोन चमचे मीठ. दोनदा उलटी झाली, ती न्हाणीघरात नळ सोडून दिल्यामुळे कुणाला ऐकू गेली नाही. घशातून पाणी तेवढं सरळ उतरत होतं, म्हणून पाण्यावर भर दिला.

ही चूक दुसऱ्या कुठल्या पेशंटने केली नसती. त्या लढवय्यांच्या अंगातून आदल्या दिवशी पाणी गेलेलं असतं, ते परत येतं. याच्या अंगातून जे गेलं होतं ते पाणी नव्हतं.

"ताकाला जाऊन भांडं लपवलंस," ताई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उचलून कपाटात कुलूपबंद केला.

त्या आत गेल्यावर वेधशाळा हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, डॉक्टरांना आकडा हवाय. आकडा आहे. एकदा टेबलावर घेतलं की घेतलं. तुम्ही उद्या काही बोलू नका."

भाऊजींनी त्याच्या पायातले दोन्ही मोजे काढून ठेवले.

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीतला काटा पन्नास किलो नऊशे दाखवत होता. डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. छान झालं म्हणाल्या आणि शस्त्रक्रियांचं वेळापत्रक पुढे ओढून शनिवारच्या रकान्यावर पेन टेकवलं. भाऊजी दाराशी उभे होते. सांगायचं असं ते रस्ताभर ठरवत आले होते, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण त्या पेनाकडे बघताना ते वाक्य मागे पडलं. शनिवार लिहिला जाणार, शनिवारी गाठ निघणार, आणि ती निघायलाच तर हवी होती. त्यांनी नजर फरशीकडे वळवली.

वेधशाळा अजून काट्यावरच उभा होता.

"हे धरू नका, डॉक्टर," तो म्हणाला. "यात किलोभर तरी मिठाचं पाणी आहे. मी चोरलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्याला तपासलं, नडगीवर त्यांनीही अंगठा दाबून बघितला. मग त्या बराच वेळ बोलल्या, आवाज न चढवता. या अवस्थेत एवढं मीठ म्हणजे हृदयावर आणि मूत्रपिंडांवर काय भार, हे त्यांनी सांगितलं. भुलीचं औषध वजनावर मोजतात, शस्त्रक्रियेनंतर शरीर मांसावर जगतं, पाण्यावर नाही, हेही सांगितलं. मीठ बंद. चार दिवसांत पाणी उतरेल. शुक्रवारी सकाळी पुन्हा वजन. शनिवारची जागा त्या तोपर्यंत अडवून ठेवतील, त्यानंतरची जागा दीड महिन्यांनी. दीड महिना गाठ थांबेल का, असं ताईंनी विचारलं. ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बाकावर तिघे ओळीने बसले. भाऊजींना राहवलं नाही.

"मला बोलू नका म्हणालास आणि स्वतःच बोललास."

"तुम्ही कुठे बोलत होता?" वेधशाळा म्हणाला. "मी वाट बघितली जरा."

भाऊजींचा चेहरा उतरला. ते बघून वेधशाळेने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. चला, कालचा चहा राहिलाय, म्हणाला.

पुढचे चार दिवस घरात एकच काम होतं. ताई दर दोन तासांनी काही ना काही आणून समोर धरत. घोटलेली अंडी, कुस्करलेलं केळं, आटवलेलं दूध, पातळ भातात लोणी. तो हळूहळू, एकेक घास मोजून मापून गिळल्यासारखा गिळायचा. कधी घास परत यायचा, तर थांबून पुन्हा घ्यायचा. तोंड पुसून म्हणायचा, दुसरा राऊंड. ताई त्याला दटावत आणि पुढची वाटी भरत.

दुकानात मात्र तो काट्यावर चढायला तयार नव्हता. भाऊजींनी दोनदा सुचवून बघितलं. लढतीआधी रोज काट्याकडे बघणारा हरतो असं त्याचं म्हणणं. हा नियम तो आत्ताच काढतोय हे भाऊजींना कळत होतं. पायांची सूज उतरत होती, एवढं दिसत होतं. सुजेबरोबर किती उतरतंय आणि वाट्यांमधून किती चढतंय, हे दिसत नव्हतं.

गुरुवारी दुपारी ताई जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या. एरवी त्या येत नसत. वेधशाळा घरी झोपला होता. त्यांनी डबा ठेवला, फडक्याने काउंटर पुसला, तो आधीच पुसलेला होता.

"अहो, डॉक्टरांच्या खोलीतला काटा तुम्हीच लावलाय ना?"

"हो. मागच्याच महिन्यात."

"म्हणजे त्याने काय दाखवायचं ते तुमच्या हातात आहे."

भाऊजींनी डबा आपल्याकडे ओढला.

"मी पाच किलो नाही मागत," ताई म्हणाल्या. "अर्धा किलो. तो इतकं खातोय, तुम्ही बघताय. अर्ध्या किलोसाठी दीड महिना?"

"भुलीचं औषध—"

"अर्ध्या किलोने औषधात काय फरक पडतो, ते तुम्हालाही माहीत आहे."

ते खरं होतं. काहीच पडत नव्हता. भाऊजींनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. या दुकानात आयुष्यभर लोक येऊन हेच मागत आले होते, थोडंसं इकडे, थोडंसं तिकडे, कोणाला कळतंय. त्यांना ते दारातूनच वाटेला लावत. त्यातलं कुणी त्यांची बायको नव्हतं आणि कुणी भावासाठी मागत नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले. ताईंनी मान हलवली आणि रिकामी पिशवी घडी करत निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी निघताना भाऊजींनी खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर टाकला. कुठे कामाला जायचं असलं की टाकतात तसाच. काट्याच्या मागची चार स्क्रूची झडप, आतली एक कळ, मिनिटभराचं काम. डॉक्टर यायच्या आधी ती खोली उघडी असते हे त्यांना माहीत होतं. दारापर्यंत गेल्यावर ते थबकले. मेहुणा पायरीवर बसून चपलांचे पट्टे लावत होता. वाकल्यामुळे त्याला धाप लागली होती, तरी कुणाची मदत न घेता त्याने दोन्ही पट्टे लावले आणि भिंतीला धरून उठला.

भाऊजी मागे फिरले. स्क्रूड्रायव्हर त्यांनी खिशातून काढला आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. ताई तिथेच होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या आत जाऊन जाड लोकरीचा स्वेटर घेऊन आल्या आणि बाहेर गारठा आहे म्हणत भावाला तो चढवला. बाहेर ऊन पडलं होतं. स्वेटरचे दोन्ही खिसे खाली ओढल्यासारखे दिसत होते.

दवाखान्यात आधी सिस्टर आल्या. डॉक्टर राऊंडवर आहेत, वजन मी घेऊन ठेवते म्हणाल्या. त्यांनी काटा सुरू केला, आकडा शून्यावर आला. "चपला काढल्या तरी पुरे," त्या म्हणाल्या.

वेधशाळेने चपला काढल्या. मग स्वेटरच्या उजव्या खिशात हात घातला आणि घराच्या, दुकानाच्या आणि कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा काढून ताईंच्या हातात दिला. डाव्या खिशातून टॉर्च निघाला, तोही दिला. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने स्वेटर काढला.

"राहू द्या की," सिस्टर म्हणाल्या. "थंडी वाजेल तुम्हाला."

"एक मिनिट, सिस्टर," तो म्हणाला.

घड्याळ काढलं. चष्मा काढून भाऊजींच्या हातात दिला. कमरेचा पट्टा काढला, तेव्हा पँट घसरू लागली, म्हणून ती एका हाताने धरली. शर्टाची बटणं मात्र एका हाताने निघेनात. भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी ती एकेक करून काढली. शर्टाखाली बरगड्या आणि बनियन होतं. पिंजऱ्यातला लढवय्या शेवटचे काही ग्रॅम उतरवायला एवढं करतो, आणि याला ते वर हवे होते.

"ताई," तो म्हणाला, "इकडे बघ. डोळे उघडे ठेव."

ताई वळल्या. त्यांच्या एका हातात किल्ल्या आणि टॉर्च होता, दंडावर स्वेटर होता. त्यांनी डोळे उघडे ठेवले.

तो काट्यावर चढला, पँट मुठीत धरून, सरळ उभा राहिला. सिस्टर वाकल्या. आकडा खालीवर झाला, आणखी एकदा हलला आणि थांबला. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

एकोणपन्नास किलो आठशे पन्नास ग्रॅम.